युद्धात बुडालेलं जहाज आणि घरातला बेपत्ता माणूस: सोलापुरातून शोध कसा घ्यावा

घरात माहिती बहुधा एका वाक्याची असते: आजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला बोटीवर होते, लढाईत बोट बुडाली, परत आले नाहीत. त्यावरून बहुतेक जण थेट माणसाचं नाव संगणकावर टाकतात आणि दोन दिवसांत कंटाळून सोडून देतात. क्रम उलटा ठेवा. आधी जहाज पक्कं करा, मग तारीख आणि ठिकाण, आणि माणूस शेवटी. माणसाचं नाव कारकुनाने चार तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं. जहाज मात्र एकदाच बुडतं आणि त्याची नोंद मालक कंपनी, विमा, सरकार आणि शत्रू अशा चौघांकडे राहते.

सुरुवात ट्रंकेतून आणि तहसीलमधून

घरातली जुनी ट्रंक उघडा. तार, मनीऑर्डरची पावती, कंपनीचं पत्र, खलाशाची सीडीसी पुस्तिका (त्याच्या नोकरीच्या नोंदींची), पदक, यातलं काहीही चालेल. पावतीवरचा टपाल शिक्काही कामाचा असतो. पदक मिळालं तर आधी कडेवर बोट फिरवा. पहिल्या महायुद्धात व्यापारी जहाजांवरच्या लोकांना दिलेलं पदक ब्राँझचं होतं आणि नाव कडेवर उमटवलेलं असायचं. तांब्या-पितळेची भांडी घासतात तसं चिंच लावून ते घासू नका. अक्षरं आधीच झिजलेली असतात, उरलेलीही जातील. खिडकीशी धरून तिरप्या उजेडात मोबाइलने कडेचे सहा-सात फोटो काढा. सपाट उजेडात न दिसणारं अक्षर तिथे सावलीमुळे उठतं.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, पण "कोणत्या साली?" असं विचारू नका. "तार गड्ड्याच्या जत्रेच्या आधी आली की नंतर? आषाढीला घरात सुतक होतं का?" असं विचारा. सन विसरतो, सण विसरत नाही. मात्र ही तारीख बातमी घरी पोचल्याची असते. जहाज बुडाल्यावर खबर कंपनीकडे, तिथून शिपिंग मास्तरकडे (खलाशांच्या नोंदी ठेवणारा बंदरातला सरकारी अधिकारी) आणि मग गावाकडे, असा प्रवास व्हायचा. युद्धात तर जहाजांच्या हालचाली गुप्तच होत्या. तार आल्याच्या आधीचे तीन-चार महिने शोधाच्या टप्प्यात ठेवा. माणूस युद्धकैदी असल्याचा संशय असेल तर दोन-तीन वर्षंही कमीच.

तहसील कार्यालयातून दोन कागद मागवा. पहिला कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. मृत्यू गावाबाहेर झाला असल्याने इथे बऱ्याचदा काहीच नसतं, पण जन्माची नोंद सापडली तर वडिलांचं नाव पक्कं होतं, आणि पुढे सगळी भिस्त वडिलांच्याच नावावर आहे. दुसरा कागद जमीन असेल तर फेरफार (गाव नमुना ६) आणि वारस नोंदवही (६-क). वारसाच्या नोंदीत मृत्यूची तारीख किंवा "बेपत्ता" असा शब्द सापडू शकतो. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं गृहीत धरायची कायद्यात तरतूद असल्याने १९४२ ला बुडालेल्या माणसाचा फेरफार १९५० च्या आसपास निघाला तर बुचकळ्यात पडू नका. जुनी पानं मोडीत असतील. कुणबी नोंदींच्या शोधामुळे जिल्ह्यात मोडी वाचणारे आता सहज भेटतात.

दोन अडचणी खास इथल्या. इंग्रजी कागदांत सोलापूर नाही, "शोलापूर" आहे, म्हणजे स्पेलिंगमध्ये एस नंतर एच. नुसतं आजचं स्पेलिंग टाकलंत तर अर्धे निकाल येणारच नाहीत. आणि अक्कलकोट १९४८ पर्यंत वेगळं संस्थान होतं, त्यामुळे तिकडच्या माणसापुढे जिल्हा म्हणून शोलापूर लिहिलेलं असेलच असं नाही.

"बोट" म्हणजे नक्की काय?

हे ठरल्याशिवाय कुठलंही दार ठोठावू नका, कारण प्रत्येक प्रकाराची नोंद वेगळ्या कपाटात आहे.

व्यापारी जहाजावरचा खलाशी असेल तर तो मालक कंपनीच्या आणि इंडियन मर्चंट नेव्हीच्या नोंदीत. रॉयल इंडियन नेव्हीचा असेल तर नौदलाच्या. त्या नौदलाची इंडस ही युद्धनौका ६ एप्रिल १९४२ ला ब्रह्मदेशातल्या अक्याबजवळ जपानी विमानांनी बुडवली; अशा जहाजाचं नाव सापडलं तर व्यापारी जहाजांच्या याद्या चाळण्यात अर्थ नाही. सोलापूर भागातून फौजेत गेलेला माणूस असेल तर तो सैनिक म्हणून जहाजाने चालला होता. त्याची नोंद पलटणीच्या नावाखाली असते, जहाजाचा उल्लेख असेलच असं नाही. यातलाच कठीण प्रकार युद्धकैद्यांचा. बुयो मारू या जपानी जहाजावर हिंदी युद्धकैदी होते आणि २६ जानेवारी १९४३ ला ते बुडवलं अमेरिकेच्या वाहू या पाणबुडीने, म्हणजे दोस्तांनीच. अशा माणसाचा शोध इंग्रजी जहाजांच्या यादीत घेतला तर तो जन्मात सापडणार नाही.

चौथा प्रकार साध्या प्रवाशांचा. तिलावा हे ब्रिटिश इंडिया कंपनीचं जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघालं होतं; २३ नोव्हेंबर १९४२ ला आय-२९ या जपानी पाणबुडीने ते बुडवलं. त्यावर ७३२ उतारू होते. उतारूंची यादी आणि खलाशांची यादी वेगळी, हे कायम लक्षात ठेवा.

पाचवा प्रकार गोदीचा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे मालवाहू जहाज पेटलं. दुपारी चारच्या पुढे पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि त्याच जहाजात हजारो कापसाच्या गाठी. दाबून बांधलेली गाठ आतल्या आत कशी धुमसते आणि वरून पाणी मारून विझत का नाही, हे गिरण्यांच्या गावाला वेगळं सांगायला नको. त्या दिवशी आसपासची जहाजंही गेली, बंदरातले मजूर गेले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. हमाल म्हणून गोदीत गेलेला माणूस "बोटीवर गेला" म्हणून घरात सांगितला जातो, पण खलाशांच्या स्मारकावर त्याचं नाव नसतं.

आणि एक गोंधळ आवर्जून तपासा. "मुंबईजवळ बोट बुडाली" एवढंच ठाऊक असेल तर ती रामदास ही प्रवासी बोट असू शकते. रामदास १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर वादळी पावसात बुडाली. लढाईशी तिचा काही संबंध नाही, पण तोंडी आठवणीत हे दोन्ही काळ एकमेकांत मिसळतात.

जहाज पक्कं करणं

एका जहाजाला एक पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि त्यावर हे लिहा: नाव, आधीची नावं, ऑफिशियल नंबर, मालक, नोंदणीचं बंदर, बांधणीचं वर्ष, टनेज, कुठून कुठे, कॉन्व्हॉय (युद्धनौकांच्या पहाऱ्यात एकत्र चालणारा जहाजांचा ताफा), बुडाल्याची तारीख-वेळ, अक्षांश-रेखांश, कारण, एकूण माणसं, मृत, वाचलेले. ज्या रकान्याची माहिती नाही तो कोरा ठेवा, अंदाज लिहू नका. अंदाज लिहिला की महिन्याभराने तो पुरावा वाटायला लागतो.

ऑफिशियल नंबर हा सगळ्यात मोलाचा. ब्रिटिश नोंदणीत जहाजाचं नाव किंवा मालक बदलला तरी हा आकडा तोच राहतो. नावांवर भिस्त ठेवू नका. सिंदिया कंपनीच्या जहाजांचीच गंमत पाहा: जलतरंग, जलपालक, जलराजन, जलपद्म. पहिली तीन जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुड्यांनी बुडवली, जलपद्म १९४४ च्या मुंबईच्या स्फोटात सापडलं. घरात "जल-काहीतरी" एवढंच आठवत असेल तर चौघांचेही कागद शेजारी मांडून तारीख जुळवा. युद्धनौकांची नावं तर पुन्हा वापरली जातात. १९८९ ची खुकरी म्हणजे १९७१ ची खुकरी नव्हे.

१९३० ते १९४५ च्या लॉइड्स रजिस्टरची (जगभरच्या जहाजांची वार्षिक यादी) पानं इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेली आहेत. टनेज, बांधणी आणि मालक तिथून घ्या. जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांसाठी यूबोट डॉट नेट, जपानी पाणबुड्यांच्या हालचालींसाठी कंबाइन्ड फ्लीट, कॉन्व्हॉयसाठी कॉन्व्हॉयवेब. या तिन्ही जागा अभ्यासू लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळल्या आहेत आणि चुका दुरुस्तही होतात. पण त्याही एकमेकींवरून माहिती घेतात. म्हणून तिन्हींकडे एकच आकडा दिसला तर ते तीन पुरावे झाले असं समजू नका, मूळ एकच असू शकतं.

टनेजचा घोळ इथेच मिटवा. व्यापारी जहाजाचा जीआरटी हा वजनाचा आकडा नाही, आतल्या बंदिस्त जागेचा आहे. एक ग्रॉस रजिस्टर टन म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. युद्धनौकेचा टन मात्र ती बाजूला सारत असलेल्या पाण्याच्या वजनाचा. दोन्हींची बेरीज करून "इतके टन बुडाले" लिहिणारे लेख पुष्कळ आहेत; ती बेरीज निरर्थक आहे.

तारीख एका दिवसाने का चुकते?

याचं उत्तर घड्याळात आहे. जर्मन पाणबुडी अटलांटिकमध्ये कुठेही असो, नोंदवही बर्लिनच्या वेळेने लिहायची. जपानी पाणबुडी टोकियोच्या. बुडणारं जहाज स्वतःच्या स्थानिक वेळेवर, आणि ब्रिटिश नौदलाचे कागद बहुधा ग्रीनिचवर.

सिटी ऑफ बनारसचं उदाहरण सोडवून पाहा. यू-४८ या जर्मन पाणबुडीने या जहाजावर टॉर्पेडो मारला त्याची जर्मन वेळ १८ सप्टेंबर १९४०, ००:०१. तेव्हा जर्मनीत उन्हाळी वेळ चालू होती, म्हणजे ग्रीनिचपेक्षा दोन तास पुढे. दोन तास वजा करा: १७ सप्टेंबर, २२:०१. म्हणून एका कागदावर १८ आणि दुसऱ्यावर १७ दिसते आणि दोन्ही बरोबर असतात. अरबी समुद्रात उलट बाजूने हेच होतं. संध्याकाळी आठचा हल्ला, स्थानिक वेळ ग्रीनिचच्या चार तास पुढे, म्हणजे ग्रीनिचला १६:०० आणि टोकियोत दुसऱ्या दिवशीचा रात्रीचा एक.

भारतातल्या कागदांत आणखी एक वळण आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत इथलं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं, ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. शिवाय मुंबई शहरात जुना "बॉम्बे टाइम"ही वापरात होता. कार्डावर वेळ लिहिताना कोणत्या घड्याळाची ते शेजारी लिहा. माहीत नसेल तर नुसती तारीख लिहा, आणि नाव शोधताना अलीकडे-पलीकडे तीन दिवस धरा.

नकाशावरचा ठिपका

सिटी ऑफ बनारसची जागा ५६.४३ उत्तर, २१.१५ पश्चिम अशी छापलेली दिसते. हे आकडे जसेच्या तसे मोबाइलच्या नकाशात टाकले की ठिपका चुकीच्या जागी पडतो. त्या टिंबापुढचे आकडे दशांश नाहीत, मिनिटं आहेत. ५६ अंश ४३ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागा: ४३ भागिले ६० म्हणजे ०.७१७, तेव्हा ५६.७१७. रेखांश २१ अंश १५ मिनिटं, म्हणजे २१.२५, आणि पश्चिम असल्याने पुढे उणे चिन्ह. फक्त अक्षांशाच्या चुकीनेच ठिपका १७ सागरी मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर सरकतो. टिंबानंतरचा आकडा कधीही ५९ च्या वर जात नसेल तर मिनिटं आहेत असं समजा. ६० किंवा त्याहून मोठा असेल तर दशांश.

आणि ती जागाही जहाजाच्या अधिकाऱ्याचा त्या रात्रीचा हिशेब असते. ढगाळ हवेत तारे न दिसता काढलेली जागा काही मैल इकडेतिकडे असणारच.

बुडालं, निकामी झालं, की बुडालंच नाही?

हल्ला करणाऱ्याचा दावा हा पुरावा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या समितीने आपल्याच पाणबुड्यांचे दावे जपानी कागदांशी ताडले. युद्धकाळात सुमारे ४,००० जहाजं धरली होती, मान्य झाली १,३१४. रात्रीची वेळ, स्फोटाचा आवाज ऐकून लगेच खोल बुडी, एकाच जहाजावर दोघांचा हक्क, ही त्यामागची कारणं. बचाव करणाराही चुकतो. ११ नोव्हेंबर १९४२ ला आपल्या नौदलाची छोटी युद्धनौका बंगाल आणि डच टँकर ओंडिना यांची दोन जपानी जहाजांशी गाठ पडली. त्यातलं होकोकु मारू बुडालं. ओंडिनाही गेली असंच धरलं गेलं होतं. ती ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला पोचली.

कारणाच्या रकान्यात टॉर्पेडो, सुरुंग, तोफ, विमान, टक्कर हे वेगळं लिहा. सुरुंगात मारणारा समोर नसतो. पी अँड ओ कंपनीचं मंगोलिया २३ जून १९१७ ला मुंबईबाहेर बुडालं ते वुल्फ या जर्मन जहाजाने काही महिने आधी पेरून ठेवलेल्या सुरुंगाने. त्या दिवशी वुल्फ कुठे होतं हे शोधण्यात वेळ घालवू नका. कॉन्व्हॉयमध्ये दिवे मालवून चालताना झालेली टक्कर ही काही याद्यांत युद्धहानी धरतात, काहींत समुद्री अपघात. त्यामुळे एखादं जहाज एका यादीत असतं, दुसरीत नसतं.

माणसांचा हिशेब बेरजेने तपासा. तिलावावर २२२ खलाशी-अधिकारी, ७३२ उतारू, ४ तोफखान्याचे, एकूण ९५८. वाचले ६७८, गेले २८०, बेरीज ९५८. जुळलं. जिथे जुळत नाही तिथे बहुधा तीनपैकी एक कारण असतं: हिंदी खलाशी वेगळ्या करारपत्रावर असल्याने मोजणीतून सुटले, वाचलेले पुढे इस्पितळात गेले, किंवा आधीची यादी घाईत निघाली. सिटी ऑफ बनारसची १२ क्रमांकाची होडी आठ दिवसांनी सापडली. त्यात बहुतेक हिंदी खलाशीच होते आणि तोवर त्यांना मेलेलं धरलं गेलं होतं. पहिल्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रावरून मृतांची यादी बनवू नये ती यासाठी.

आता माणूस

युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर या. त्यांचा काळ ठरलेला आहे: पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. व्यापारी खलाशी मात्र युद्धाच्या कारणाने गेला असेल तरच घेतलाय. बंदरात तापाने गेलेला बहुधा नाही.

आडनावाच्या चौकटीत आडनाव टाकू नका. आपल्याकडचे खलाशी स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एवढंच सांगायचे. कारकुनाने दुसरा शब्द आडनाव म्हणून घातला. गणपत रामा हा "रामा" खाली सापडेल. स्पेलिंगही कानाला ऐकू आलं तसं: गणपतमध्ये दोन ठिकाणी यू, पांडुरंगमध्ये डबल ओ, विठोबा डब्ल्यूने सुरू. त्याहून सोपी युक्ती म्हणजे नाव कोरंच ठेवा. स्मारक आणि तारखांचा टप्पा निवडा, निकाल एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि तारखेने लावा. एका जहाजाची माणसं आपोआप एकाखाली एक येतात, मग बोट ठेवून वाचा. हुद्द्याचा रकानाही वाचा: सारंग, टंडेल, सुकाणी, कसाब, भंडारी (स्वैपाकी), आगवाला, पाणीवाला, टोपास. घरात "तो स्वैपाकी होता" एवढं जरी आठवत असेल तरी भंडाऱ्यांपुरती यादी चार-पाच नावांवर येते.

स्मारकाच्या नावाने फसू नका. दुसऱ्या युद्धातल्या हिंदी खलाशांचं स्मारक "बॉम्बे/चितगाव" असं जोडून लिहिलेलं आहे. नावांचे तेच ग्रंथ दोन्हीकडे आहेत, नौदलाचे सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास ६,०००. चितगाव दिसलं म्हणून माणूस बंगाली ठरवू नका. पहिल्या युद्धातले दोन हजारांवर खलाशी मुंबईच्या १९१४-१९१८ स्मारकावर आहेत. हे सगळं मस्जिद बंदर भागातल्या खलाशी गृहात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी, तिथून लोकलने एकच स्टेशन. पण आधी विचारून जा. ही चालू वास्तू आहे, सुटीच्या दिवशी दार बंद मिळेल.

मूळ कागद लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मागणी करताना मालिका नेमकी लिहा: दुसऱ्या युद्धातल्या खलाशांच्या करारयाद्या बीटी ३८१, जहाजांच्या हालचालींची कार्डं बीटी ३८९, समुद्रात झालेल्या मृत्यूंच्या नोंदवह्या बीटी ३३४. बीटी ३८१ जहाजाच्या ऑफिशियल नंबरनेच लावलेली आहे. नंबराशिवाय मागितलीत तर हाती काही लागणार नाही. आधी पान तपासून देण्याची सशुल्क सोय घ्या, छायाप्रत नंतर. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल घरबसल्या चालतं; तिथे माणसाऐवजी जहाजाचं आणि कंपनीचं नाव टाका, आणि "लास्कर" (हिंदी खलाशी) हा शब्दही.

१९७१ साठी वाट सोपी आहे. आयएनएस खुकरी ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या यादीत नाव पाहा. नौसैनिकाच्या सेवानोंदीसाठी अर्ज मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, आणि तो सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर बरं. तिथले लोक नमुना भरून देतात. सोबत नातं दाखवणारे कागद जोडा: वारस नोंद किंवा शाळेचा दाखला, तुमचं आधार, आणि मधल्या पिढीचा किमान एक कागद. अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा मधल्या पिढीचा कागद नसल्यामुळेच. सर्व्हिस नंबर माहीत असेल तर पहिल्याच ओळीत लिहा. नसेल तर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका, जहाज आणि तारीख याच क्रमाने, इंग्रजीत, आणि सोलापूरची दोन्ही स्पेलिंगं द्या.